दोन बायकांचं जुनं फ्रेंच चित्र घ्यायचंय? मूळ शाईचं की पोश्वार?

पॅरिसचं, १९०५-१५ च्या आसपासचं, काळ्या शाईतल्या दोन बायका एकमेकींशी कुजबुजतायत असं चित्र घ्यायचं डोक्यात असेल तर आधी एक ठरवा, कलाकाराचा हात प्रत्यक्ष फिरलेला कागद हवाय की पूर्ण झालेलं चित्र, म्हणजे पोश्वार (छापील रेषेत स्टेन्सिलने हाताने रंग भरलेलं). ऐकायला एकच वाटतं, पण नाहीये.

मूळ शाईचं चित्र बऱ्याचदा छापखान्यात द्यायलाच काढलेलं असायचं. 'लास्येत ओ बर' (१९०१-१२) सारख्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकांचा तो जमाना. त्यामुळे कडेला मापं खरडलेली, चुकलेल्या जागी पांढरा रंग फासलेला, खाली पेन्सिलीची पुसट रेघ असं सगळं सापडतं. नवा माणूस म्हणतो अरे हे तर खराब झालंय, मला विचाराल तर त्यातच सगळी मजा आहे.

पोश्वार म्हणजे स्टेन्सिल. काळी रेष छापायची, मग प्रत्येक रंगासाठी वेगळा पातळ पत्रा कापून ब्रशने हाताने रंग भरायचा. चित्रकार पॉल इरीबने १९०८ ला पॅरिसचा फॅशन डिझायनर पॉल प्वारे याच्या कपड्यांचा जो अल्बम केला तो असाच, फक्त २५० प्रती. प्वारेने कॉर्सेट (कंबर आवळणारं आतलं वस्त्र) काढून टाकला होता, झगे सरळ खाली पडायचे, आणि असल्या कपड्यांना बारीक रेष आणि सपाट रंग इतका शोभतो की बास! अल्बममध्ये मागचं फर्निचर जवळजवळ बिनरंगाचं ठेवलंय, नजर थेट झग्यावर. इथे नुसतं शाईचं ड्रॉइंग मिळालं तरी ते अर्धंच, रंग चढल्यावर चित्र पुरं होतं. म्हणून फॅशनच्या चित्रात मी डोळे झाकून पोश्वार घेईन, व्यंगचित्रात मूळ शाई.

इरीबचं बजेट नसेल तर 'जुर्नाल दे दाम ए दे मोद' (१९१२-१४) हे फॅशनचं मासिक बघा, १२७९ प्रती निघायच्या, चित्रकार जॉर्ज बार्बिएची चित्रं त्यात आहेत.

नुसती भिंत सजवायची असेल तर म्युझियमचा स्कॅन प्रिंट करा, इरीब १९३५ ला गेला, बार्बिए १९३२ ला, कॉपीराइटचं टेन्शन नाही.

घेण्याआधी भिंग लावाच. रंगात बारीक ठिपके दिसले की ते पोश्वार नाही, खऱ्यात रंग सलग असतो आणि कडेला कधीकधी जरा जाड साचलेला. आणि विकणारा "सही आहे" म्हणून भाव वाढवायला लागला तर सहीवरही भिंग धरा, पोश्वारवरची सही बहुतेक वेळा चित्राबरोबरच छापलेली असते, तिचे वेगळे पैसे कशाला द्यायचे.