सु-57 चं 1/48 मॉडेल किट: बांधायचं तर पोट उघडं ठेवून बांधा

सु-57 हे रडारपासून लपणारं रशियन लढाऊ विमान, आणि हे किट खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचं. कुरियर धरून ते साडेसात हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. ज्यांना हवंय ते बरोबर शोधून काढतील. तयार झाल्यावर लांबी जवळजवळ 42 सेंटीमीटर आणि पंखांची रुंदी साडेएकोणतीस, तेव्हा डबा उघडण्याआधी शोकेसमध्ये जागा करून ठेवा.

माझी नोकरी नाशिकजवळच्या ओझरला, विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलमध्ये स्ट्रक्चरला गेली, रिव्हेट मारण्यात आणि दुसऱ्यांनी मारलेले तपासण्यात. सुखोई-30 चं पोट मला डोळे मिटूनही ओळखता येईल. त्यामुळे हे किट मागवलं ते दोन इंजिनांच्या मधल्या जागेसाठी. सुखोई-30 ला तिथे बोगदा आहे. दोन्ही इंजिनं एकमेकांपासून लांब, मधे सपाट छत, आणि त्या छताला क्षेपणास्त्रं एकामागे एक उघड्यावर टांगलेली. सु-57 मध्ये त्याच जागेत एकापुढे एक असे दोन वेपन बे, म्हणजे शस्त्रं आत ठेवायचे कप्पे, बसवलेत. घराणं एकच आहे हे कागदावरच्या नकाशापेक्षा हातातल्या प्लॅस्टिकवर लवकर कळतं.

किटमध्ये हे दोन्ही कप्पे वेगळ्या पेट्या म्हणून येतात. आतल्या भिंतींवर फ्रेमच्या कडा, छताला पाइप आणि वायरिंगचे उठाव, सगळं नाजूक आणि स्वच्छ. या भागाला पैकीच्या पैकी. चिकटवण्याआधी एक पेटी हातात घेऊन बघा. खरा कप्पा साडेचार मीटरच्या आतबाहेर लांब आणि मीटरभरही रुंद नाही. रशियन क्षेपणास्त्रवाल्यांना या मापापुढे नमावं लागलं. केएच-58 च्या नव्या आवृत्तीचे पंख त्यासाठी दुमडते केले. केएच-59 चा गोल देह जाऊन त्याच्या एमके2 आवृत्तीला चौकोनी आला, पंख बाहेर पडल्यावर उघडतात. किटमध्ये हवेतल्या माऱ्याची क्षेपणास्त्रं आहेत आणि ही जमिनीवर मारायचीही आहेत. मी पुढच्या कप्प्यात एक प्रकार आणि मागच्यात दुसरा लावला. प्रत्यक्षात असं भरतात का यावर वाद घालणारे घालोत.

आता ब्रह्मोस. नाशिकचा माणूस इथे थांबणारच. 25 जून 2016 ला ब्रह्मोस पोटाखाली घेऊन सुखोई-30 पहिल्यांदा उडालं ते आमच्या ओझरहून. ते क्षेपणास्त्र अडीच टनांचं आणि लांबीला आठ मीटरच्या आसपास. सु-57 चे दोन्ही कप्पे मिळून लांबी भरते, पण मधे भिंत आहे, आणि ती काढायची म्हणजे विमानाचा कणा काढण्यासारखं. शिवाय कप्प्यातला मोठा लाँचर, म्हणजे क्षेपणास्त्र धरून सोडणारा सांगाडा, सातशे किलोपर्यंतचंच ओझं पेलतो. म्हणजे आमच्या सुखोईने जे उचलून दाखवलं ते या नव्या विमानाला पोटात घेता येत नाही. बाहेर टांगलं तर रडारपासून लपण्यासाठी केलेला सगळा खर्च तिथेच फुकट. एचएएल आणि रशियाची सुखोई कंपनी मिळून सु-57 वरूनच भारतासाठी लढाऊ विमान करणार होते. 2010 च्या डिसेंबरात 29.5 कोटी डॉलरचा प्राथमिक डिझाइनचा करार झाला, 2018 मध्ये आपण त्यातून बाहेर पडलो. कँटीनमध्ये यावर झालेली भांडणं इथे काढत नाही.

कप्प्याची दारं मात्र किटवाल्यांनी बिघडवलीत. जाडी जवळजवळ दुप्पट आणि बिजागऱ्यांचे खुंटे इतके बारीक की कानस लावली की गेलेच. पातळ प्लॅस्टिक शीटची दारं कापून घ्या. खऱ्या दाराचं काम काय असतं हे लक्षात घेतलं की हा आळस जास्त खुपतो. वेगात असताना ते उघडलं की वारा कप्प्यावरून जाताना घोंगावतो, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा, फक्त इथे त्या आवाजाच्या माऱ्यानेच पत्रा थकतो. त्या खळबळीतून क्षेपणास्त्र सरळ खाली जावं म्हणून लाँचर त्याला जोरात ढकलून देतो, आणि दार लगेच मिटतं, कारण उघडं पोट रडारला चांगलंच दिसतं. या सगळ्याचा सराव रशियनांनी पुढे वळलेल्या पंखांच्या सु-47 वर करून घेतला होता. त्याचं पहिलं उड्डाण 1997 चं. टी-50, म्हणजे सु-57 चा पहिला नमुना, हवेत गेलं ते 29 जानेवारी 2010 ला.

पंखांच्या मुळाशी आणखी दोन लांबट फुगवटे आहेत. जवळच्या माऱ्याची छोटी क्षेपणास्त्रं त्यात असतात. किटमध्ये ते बंदच दिलेत. राग येण्याइतकं काही नाही.

रडारपासून लपण्याची बाजू किट बऱ्यापैकी दाखवतं. पंखाची पुढची कड आणि शेपटीची कड एकाच कोनात आहेत, पट्टी लावून पाहिलं. उभ्या शेपट्या लहान, बाहेर झुकलेल्या आणि अख्ख्या फिरणाऱ्या. पण मॉडेल उलटं करून मागून बघा: इंजिनांचे गोल पिंप खाली लोंबताहेत, नोझल, म्हणजे इंजिनाची मागची तोंडं, तीही गोलच. अमेरिकनांनी एफ-22 ला चपटी नोझलं दिली, रशियनांनी समोरून लपायचं ठरवलं आणि मागची काळजी कमी केली. काचेपुढचा, उष्णतेवरून विमान शोधणारा इन्फ्रारेडचा गोळाही बाहेरच. सुखोईच्या पेटंटमध्ये सु-27 चा, म्हणजे सुखोई-30 ज्यावरून झालं त्या विमानाचा, रडारवरचा ठसा 10 ते 15 चौरस मीटर आणि नव्याचा 0.1 ते 1 असा दिलाय. उडी मोठी आहे, पण एकच्या जवळचा आकडा त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय हेही वाचावं. माझ्या मते पोटात जागा मिळावी म्हणून त्यांनी इंजिनं लांब ठेवली आणि त्याची किंमत मागे मोजली.

हवा आत घेणाऱ्या मार्गात डोकावल्यावर खऱ्या विमानात इंजिनाचा पंखा थोडा आडोशाला असतो आणि त्यापुढे रडार अडवणारी जाळी. किटमध्ये पंखा सरळ समोर, जाळीचा पत्ता नाही. लपणाऱ्या विमानाचं किट आणि नेमकी तीच गोष्ट गायब! दोन अर्ध्या नळ्यांचा जोडही आत राहतो, आणि पुट्टी लावून सँडपेपर पोचेल अशी ती जागा नाही. काळा रंग मारून मोकळं व्हा.

पिक्सेलच्या, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या रंगसंगतीसाठी मास्क (रंग मारताना झाकायचे कागद) वेगळे घ्यावे लागतात, हाताने कापायचा विचारही करू नका. नाकात सूचनापत्रात सांगितलंय त्यापेक्षा थोडं जास्त वजन भरा, नाहीतर शेपटीवर बसतं. आणि पोटाची दारं बंद करूनच बांधणार असाल तर आणखी लहान, 1/72 चं घ्या, पैसे आणि शोकेस दोन्ही वाचतील.