मिनआयन: डीएनएतले मोठे बदल शोधायला कितपत कामाचं?

मिनआयन हे ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीचं डीएनए वाचणारं यंत्र. ते मुठीत मावतं आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडलं की चालतं. संभाजीनगर-नांदेडच्या लॅबने घ्यावं का? ठरावीक जनुकांसाठी जरूर घ्यावं, अख्ख्या जीनोमसाठी, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएसाठी, नको.

डीएनएचा ५० किंवा जास्त अक्षरांचा तुकडा गळणं, दुप्पट होणं, उलटा बसणं हे संरचनात्मक बदल. अल्फा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारातलं ३.७ हजार अक्षरांचं डिलीशन (गळलेला तुकडा) बघा. तिथली दोन जनुकं जवळपास जुळी, त्यामुळे १५० अक्षरांचा रीड (एका वेळी वाचलेला तुकडा) नेमका कुठला हेच ठरत नाही. मिनआयनचा १५-२० हजार अक्षरांचा रीड अख्खा भाग ओलांडतो आणि पडलेली खिंड सरळ दिसते. पैसे इथं वसूल होतात.

अख्खा जीनोम ३१० कोटी अक्षरांचा. प्रत्येक अक्षर सरासरी १५ वेळा वाचायचं म्हणजे साधारण ४६ अब्ज अक्षरं, आणि एका फ्लो सेलमधून (यंत्रात बसवायची, डीएनए वाचणारी चिप) साधारण १० ते २० अब्ज अक्षरं निघतात. माणशी तीन-चार सेल कुणाला परवडणार? ते काम प्रोमेथआयन या त्याच कंपनीच्या मोठ्या यंत्रावर बाहेरून करून घ्या.

रन (वाचनाची एक फेरी) बिघडतो तो बहुतेकदा नमुन्यामुळे. डीएनए व्हॉर्टेक्स करू नका (यंत्रावर जोरात घुसळू नका), रुंद तोंडाची टिप वापरा. साधारण १ मायक्रोग्रॅम लागतो. शुद्धतेसाठी प्रकाश शोषणाचं २६०/२८० गुणोत्तर १.८ च्या आसपास, २६०/२३० दोनच्या वर हवं. फिनॉल-मीठ राहिलं तर पोअर (डीएनए ज्यातून जाताना वाचला जातो ती सूक्ष्म छिद्रं) भराभर बंद पडतात.

फ्लो सेल २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका. आल्या आल्या तपासा. ८०० पेक्षा कमी पोअर जिवंत असतील तर वॉरंटीत बदलून मिळतो. खरी हातोटी प्रायमिंगची, म्हणजे नमुना घालण्याआधी फ्लो सेलमध्ये बफर भरण्याची. पिपेटचं चाक उलटं फिरवून पोर्टमधून २०-३० मायक्रोलिटर हळूच ओढा, बुडबुडा टिपमध्ये आलेला डोळ्यांनी बघा, मगच बफर सोडा. बुडबुडा पोअरवरून गेला की ते पोअर कायमचे गेले.

रन ७२ तासांचा. आपल्याकडे मे महिन्यात एसी आणि यूपीएसशिवाय सुरूच करू नका, लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा.

मिनीमॅप२ (रीड जीनोमवर जुळवणारं) आणि स्निफल्स (बदल शोधणारं) या सॉफ्टवेअरने बदल सापडतात. अर्थ लावताना मात्र जपा. २०२५ मध्ये २६ समूहांतल्या १,०१९ जणांचा लांब रीडचा नकाशा आला. त्यात गुजराती, तेलुगू, पंजाबी, बंगाली, श्रीलंकी तमिळ आहेत, मराठी समूह नाही. तेव्हा बीडच्या रुग्णात सापडलेला बदल तिथं नसला, तरी लगेच रोगाचं कारण म्हणून रिपोर्ट लिहू नका. आधी आई-वडिलांचे नमुने घ्या.