छपराची तीन कोटेशनं, आणि आम्ही महागातलं का घेतलं

आमचं घर देवरुखजवळच्या खेड्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन बाजूंना उतरतं दुपाखी छप्पर. वासे जुने झाले होते, मागच्या पाखीला पोट आलं होतं. गेल्या वर्षी छप्पर बदलायचं ठरलं आणि तीन कोटेशनं हातात आली: एक २ लाख ३५ हजारांचं, एक ३ लाख ९९ हजारांचं आणि गावातल्या सुतारांचं १ लाख ९७ हजारांचं. मुंबईहून भावोजींचा लगेच फोन, "वहिनी, पत्राच घालायचाय ना, मग स्वस्तातलं घ्या." मी पतसंस्थेत कर्जाच्या फायली तपासण्यात नोकरी काढली. घरबांधणीची अंदाजपत्रकं हजारांनी वाचली असतील. शेवटचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते.

पहिलं कोटेशन रत्नागिरीच्या एका ठेकेदाराचं. तो घर बघायला आला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि जोत्याचं माप मागवलं, संध्याकाळी छापील कागद पाठवला. ४० बाय २८, म्हणजे ११२० चौरस फूट, दर २१० रुपये, एकूण २,३५,२००. कागद नीटनेटका, वर रंगीत घराचं चित्र. खाली मात्र दोन ओळी होत्या: "बिल प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे" आणि "जीएसटी वेगळा".

आता प्रत्यक्ष मोजमाप करून बघा. छप्पर जोत्याएवढं कधीच नसतं. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण बाहेर काढावीच लागते, नाहीतर कोकणातली झड सरळ भिंतीवर येते आणि चिरा पाणी पितो. म्हणजे लांबी झाली ४४ आणि रुंदी ३२. शिवाय पाखी उतरती. मी आढ्यापासून, म्हणजे छपराच्या वरच्या कण्यापासून, वळचणीपर्यंत दोरी धरून टेपने मोजली, एक पाख साडेअठरा फूट भरली. दोन पाख्या, ४४ फूट लांब: १६२८ चौरस फूट. त्याच २१० च्या दराने ३,४१,८८० होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४ लाख ३ हजारांच्या पुढे. "स्वस्तातलं" कोटेशन तिथेच तिघांत महाग ठरलं, आणि अजून साहित्याकडे मी वळलेही नव्हते.

साहित्यात लिहिलं होतं: "एमएस पाइप ट्रस, ०.४५ कलर शीट, रिज कॅपसह." म्हणजे पोलादी पाइपांचा सांगाडा, त्यावर ०.४५ मिलिमीटरचा रंगीत पत्रा आणि आढ्यावर पत्र्याची टोपी. पाइप किती जाडीचा? लिहिलेलं नाही. बाहेरून ६० बाय ४० दिसणारा पाइप २ मिलिमीटरचाही मिळतो आणि ३ चाही. रंग मारल्यावर फरक दिसत नाही, वजनात आणि किमतीत मात्र जवळजवळ दीडपट. ०.४५ ही पत्र्याची जाडी लेप आणि रंग धरून की आतल्या पोलादाची? तेही नाही. एकूण जाडी ०.५० असली तरी आतलं पोलाद ०.४२ ते ०.४५ च्या दरम्यान भरतं, मग एकूणच ०.४५ असेल तर आत काय उरणार? लेप कसला, चौरस मीटरला किती ग्रॅम, काही नाही. हे सगळं मी फोनवर विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, सगळे हेच वापरतात." आगाऊ रक्कम ७० टक्के.

आणखी एक ओळ फार महत्त्वाची होती: "जुने साहित्य ठेकेदार नेईल." आमच्या छपरात सागवानी आढं होतं, ऐनाचे वासे होते, अडीच हजारांच्या आसपास कौलं होती. जुन्या सागाला वखारवाले चांगला भाव देतात. म्हणजे या माणसाची कमाई दरात कमी आणि या ओळीत जास्त होती. कोणाचंही कोटेशन आलं की आधी ही ओळ शोधा.

दुसरं कोटेशन चिपळूणच्या फॅब्रिकेटरचं. हा तरुण स्वतः मोटारसायकलवरून आला, शिडी मागितली, माळ्यावर चढला, भिंतींच्या वरचा थर हाताने हलवून बघितला. तिथेच माझं मत अर्धं बनलं. आमच्या भिंतींचे चिरे मातीत रचलेले आहेत. तो खाली उतरून म्हणाला, "काकी, कौलांचं वजन होतं म्हणून इतकी वर्षं चाललं. पत्रा हलका, वाऱ्याने वर उचलतो. या चिऱ्यात बोल्ट मारून ट्रस धरणार नाही. वरून काँक्रीटचा पट्टा घ्यावा लागेल."

हा मुद्दा बाकी कोणाच्याच कागदावर नव्हता, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. मंगलोरी कौल सव्वादोन किलोच्या आसपास, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. आमच्या छपरावर नुसत्या कौलांचं ओझं साडेपाच टन होतं. पत्रा सगळा मिळून पाऊण टनाच्या आतबाहेर. एवढं ओझं काढून टाकलं की घराला वरून दाबून ठेवणारं काही उरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत घरांचे पत्रे उडून शेतात पडले होते. आमच्याकडे देवरुखला तेवढा मार बसला नाही, पण ते फोटो सगळ्यांनी बघितले आहेत. तरीही अंदाज देणारे तीनांतले दोघं वाऱ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

त्याचा कागद तीन पानांचा. भिंतींवर सहा इंची काँक्रीट पट्टा, त्यात आधीच बसवलेले बोल्ट, ६० बाय ४० चा ३ मिलिमीटर पाइप, पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप) साडेतीन फुटांवर, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर एनॅमलचे दोन. पत्रा एकूण ०.५० जाडीचा, लेप अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा १५० ग्रॅमचा. स्क्रूखाली रबरी वॉशर. पन्हाळ, रिज कॅप, जुनं छप्पर उतरवणं, सगळं धरून १६३० चौरस फूट, दर २४५, करासह ३,९९,३५०. माझ्या दोरीच्या मापात आणि त्याच्या मापात दोन चौरस फुटांचा फरक. मोजलेलं माप असं जुळलं की माणसावर विश्वास बसतो.

त्यातही उणं होतं. पत्र्याखाली उष्णता अडवायला काहीच धरलेलं नव्हतं. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, पत्र्याखाली ती कोंडते. मी फॉइलचा थर मागितला, त्याचे ३५,८६० वाढले. सुरुवातीला ५० टक्के मागत होता. बोलून ४० वर आणलं, ट्रस उभी राहिल्यावर ५० आणि शेवटचे १० टक्के जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर. हे शेवटचं त्याला पटत नव्हतं. मी म्हटलं, लिहून दे, नाहीतर राहू दे. त्याने लिहून दिलं.

तिसरा कागद सुतारांचा, आणि तिघांत वाचायला मला तोच आवडला. वहीचं पान, निळं पेन. सुतार आजोबांचं वय सत्तरीपुढचं, तरी माळ्यावर चढून एकेक वासा हातोडीच्या दांड्याने वाजवून बघत गेले. भरीव आवाज आला की पुढे, पोकळ आला की खडूची फुली. ५२ वाशांपैकी १९ वर फुल्या पडल्या. त्यांनी लिहिलं: १९ वासे बदलणे, कौलांखालच्या रिपा सगळ्या नव्या, कौलं ४०० नवी, बाकीची धुऊन परत, वाळवीचं औषध, मजुरी. "वहिनी, अख्खं छप्पर कशाला उतरवताय? पडवीकडचं सडलंय, पुढचं अजून तुमच्या नातवंडांना पुरेल," असं ते स्पष्ट म्हणाले. छप्पर बदलायची गरज आहे का, हा प्रश्न तिघांत त्यांनी एकट्याने काढला. पत्रा विकणारा तो काढत नाही.

मग त्यांना काम का नाही दिलं? वानरांमुळे. ज्यांचं कोकणात घर आहे त्यांना पुढचं सांगायला नको. फणसावरून टोळी उतरते, आढ्यावरून पळत जाते, दरवर्षी पन्नास-साठ कौलं फुटतात. ऐन आषाढात माजघरात पाणी. पूर्वी मे महिन्यात कौलं परतायला हाक मारली की चार माणसं यायची. आता कौलावर हलक्या पायाने चालणारा माणूस पंचक्रोशीत मिळत नाही. आम्ही दोघंही साठीच्या पुढे, सासूबाई नव्वदीच्या. भर पावसात शिडीवर कोण चढणार? ज्यांच्याकडे वानरांचा त्रास नाही आणि हाताशी माणूस आहे, त्यांनी डोळे मिटून सुतारांचा मार्ग धरावा, पैसेही निम्मे लागतात. खाली पत्रा आणि वर कौलं असंही हल्ली करतात. आम्ही चौकशी केली, खर्च आमच्या आवाक्याबाहेर गेला.

काम चिपळूणच्या मुलाला दिलं, फक्त उतरवण्याचं सुतारांकडे ठेवलं. त्याने त्याचे २०,००० बिलातून कमी केले, सुतारांना आम्ही ३८,००० दिले. जास्त गेले, पण एकही धड वासा मोडला नाही, कौलं रचून गोठ्याच्या मागे लावली. पाठीवर मंगळूरच्या कारखान्यांचे ठसे आहेत. बाझेल मिशनने तिथे १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला, त्या काळापासून ही कौलं आपल्या किनाऱ्यावर येत आली. ती भंगारात जाऊ द्यायची नव्हती.

शिमगा झाल्याशिवाय कामगार येत नाहीत, हे धरूनच चाला. पालखी देवळात परतल्यावर काम सुरू झालं आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पत्रा चढला. पाइपाची गाडी आली तेव्हा मी वजनकाट्याची पावती मागितली. वजन लिहिलेल्या जाडीशी जुळलं. कापलेल्या तुकड्याची जाडी त्याने स्वतःच व्हर्नियरने मोजून दाखवली. एका बाजूला स्क्रू तिरके बसून वॉशर फाटले होते, ते सांगितल्यावर त्याच दिवशी बदलले.

पावसाळा गेला. घरात थेंब नाही. मागच्या बाजूची पन्हाळ मात्र कमी पडली. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि साडेअठरा फुटांच्या पाखीचं सगळं पाणी पाच इंची पन्हाळीत मावत नाही, ते उसळून चुलीच्या खोलीच्या दारात पडत होतं. दहा टक्के हातात ठेवल्याचा इथे उपयोग झाला. जुलैत येऊन त्याने मोठी पन्हाळ लावली, पाणी खाली आणणारा एक पाइप वाढवला, मगच शेवटचे पैसे दिले. आवाजाचं आधी कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते: जोराची सर आली की ओटीवर फोनवर बोलता येत नाही. माजघराला लाकडी माळा आहे, तिथे आवाजही कमी आणि गारवाही बरा. ऑक्टोबरच्या उन्हात फॉइल असूनही ओटी कौलांच्या दिवसांपेक्षा तापते. सासूबाई दुपारची पथारी आता माजघरात घालतात. वानरं अजून येतात, वर धाडधाड नाचतात, फुटत काही नाही.

चिपळूणच्या मुलाचं काम मी पाचात चार देईन, एक पन्हाळीसाठी कापला. पाइपाची आणि पत्र्याची जाडी जो कागदावर लिहीत नाही, त्याच्याशी दराची घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. सुतार आजोबांना गोठ्याचं काम दिलं आहे. तिथे जवळपास फणस नाही, जुनीच कौलं आणि बिनफुलीचे वासे वापरायचे. वहीच्या पानावर त्यांनी ६२,००० चा अंदाज दिलाय, त्यात "खिळे व चहा" वेगळे धरलेले आहेत. येत्या शिमग्यानंतर हात लावतील.