आधी रीमॅप की आधी शॉकअप? जुन्या पोलो टीएसआयवर पहिला लाख कुठे घालावा

सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, मॅन्युअल घेतली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. हाताशी लाखभर रुपये आहेत, गाडीत मजा यायला हवी, आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीने ऑफिसही गाठायचं आहे. पैसे इंजिनावर घालायचे (रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवणं) की चाकांवर (शॉकअप, टायर, ब्रेक)? मी दोन्ही करून पाहिलं, आधी इंजिन आणि मग चाकं. आज पुन्हा सुरुवात केली तर क्रम उलटा ठेवेन. का, ते सांगतो.

माझी गाडी २०२० ची, हायलाइन प्लस. २०२३ च्या सुरुवातीला घेतली तेव्हा ५२ हजार किलोमीटर चाललेली होती. राहायला ठाण्यात मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीत. म्हणजे रोज घोडबंदर रोड, माजिवडा, हायवेने मुलुंड आणि ऐरोलीचा पूल. रविवारी पहाटे जमलं तर मुरबाडमार्गे माळशेज. तुमचा रोजचा रस्ता नवी मुंबईतल्या मोकळ्या पाम बीचचा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, हे आधीच मान्य करतो.

रीमॅपची बाजू आधी मांडतो, कारण तिची मजा खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. लॅपटॉप जोडला, दोनेक तास गेले, साधारण तीस हजार रुपये लागले आणि गाडी दुसरीच झाली. पहिला आठवडा मी दूध आणायलाही गाडी काढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला पाय दाबला की आधी क्षणभर विचार करणारी गाडी आता ताबडतोब सुटायची. ऐरोली पुलावर ट्रकला मागे टाकायला गिअर उतरवावा लागेना. माळशेजच्या चढावर चार माणसं बसवूनही दम लागल्यासारखं वाटत नव्हतं. किती अश्वशक्ती वाढली ते मी मशीनवर मोजलं नाही, पण पाठ सीटला टेकते तेव्हा आकड्याची गरज वाटत नाही. एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कुठल्याही कामाने पडणार नाही.

पण रोजच्या रस्त्यावर हा फरक वापरायला जागा किती मिळते? मानपाडा ते माजिवडा सकाळी साडेआठला पहिला-दुसरा गिअर, फार तर तिसरा. मेट्रोच्या कामाचे पत्रे, मध्येच वळवलेली लेन, पुढे टँकर. पावसात तर उलटंच झालं. गाडीबरोबर आलेले टायर जवळजवळ गुळगुळीत होते आणि मी तसेच ठेवून इंजिन वाढवलं होतं. सिग्नलवरून निघताना पुढची चाकं ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर नुसती फिरायची. तो माझ्या क्रमाचा दोष, रीमॅपचा नाही. तरीही त्यातून कळलं की वाढलेली ताकद जमिनीपर्यंत पोहोचवणारं सामान आधी धड हवं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. निर्णय फिरवला तो पेट्रोलने.

माझी फाइल ९७ ऑक्टेनसाठी लिहिलेली होती. टर्बोचा दाब वाढवायचा आणि ठिणगी थोडी आधी पाडायची, तर पेट्रोल वेळेआधी पेटणारं नको, म्हणून जास्त ऑक्टेन. हिशोब बरोबर आहे. पण असं पेट्रोल मिळणारा माझ्या वाटेवरचा एकच पंप, तोही रस्त्याच्या पलीकडे. संध्याकाळी ऐरोलीहून घरी येताना मानपाड्याच्या पुढे जायचं, यू-टर्न घ्यायचा, रांगेत थांबायचं आणि नंबर आला की पोरगा म्हणणार, "साहेब, ९७ संपलंय, परवा या." महिन्यातून दोनदा तरी हे व्हायचं. १०० ऑक्टेन हा पर्याय होता, पण तो दीडशे रुपयांच्या पुढे. रोजच्या गाडीत ते भरणं मला जमणारं नव्हतं. मग काटा पाव टाकीवर आला की पोटात कालवायचं. ऑफिसला जायचं की आधी पंप शोधायचा? घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी नेली तर साधं पेट्रोल भरून आणू नका, हे सांगत बसायचं. गाडीच्या चावीबरोबर सूचना द्याव्या लागल्या की ती घरची गाडी राहत नाही.

त्या वर्षी गणपतीला गावी निघालो, चिपळूणच्या अलीकडे. बाबा पुढे, बायको आणि मुलगी मागे, डिकीत सामान. पनवेल सोडलं आणि वडखळ, माणगाव, महाड, मिळेल तिथे साधं पेट्रोल घेत गेलो. तेव्हाचं साधं म्हणजे ९१ ऑक्टेनचं. इंजिनातला नॉक सेन्सर चोख काम करतो. पेट्रोल वेळेआधी पेटायला लागलं की ते ओळखून तो ठिणगी मागे घ्यायला लावतो, इंजिन वाचतं आणि ताकद जाते. वाटेतल्या घाटात गाडी अक्षरशः रडत चढली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घेतलीस तेव्हा बरी पळत होती की रे." बरोबरच होतं त्यांचं. मूळ फाइलला तेच पेट्रोल मुकाट चालायचं. माझ्याजवळ आता ठाण्यात चांगली आणि गावच्या वाटेवर आधीपेक्षा सुस्त अशी गाडी होती. दिवाळीच्या आधी मी मूळ फाइल परत टाकून घेतली.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. आता पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे आणि त्याचं ऑक्टेन ९५ आहे, म्हणजे तेव्हाच्या ९१ पेक्षा बरं. आज कुणी रीमॅप करत असेल तर ९५ ची सौम्य फाइल मागावी. माझी अर्धी तक्रार त्यात मिटते. पण ई-२० ला चालणाऱ्या रबरी नळ्या आणि सील बसवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. पोलोचं उत्पादन २०२२ मध्येच थांबलं. मग अशा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनावर आणखी दाब टाकावा का, यावर मी स्वतः जरा सावध आहे. तुमचा मेकॅनिक वेगळं सांगत असेल तर त्याचंही ऐका.

आता दुसरी बाजू. हे काम दिसत नाही आणि मित्राला शेजारी बसवून दाखवताही येत नाही. नोव्हेंबरमध्ये पाचपाखाडीतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी दोन दिवस ठेवली. चारही शॉकअप नवे, मूळ उंचीचे, स्प्रिंग तेच. पुढचा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगची जोडणी) खाली उतरणारच, म्हणून टॉप माउंट, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड त्याच मजुरीत बदलून घेतले. हे सुट्टे सुट्टे करत बसू नका, प्रत्येक वेळी मजुरी आणि अलाइनमेंट पुन्हा भरावी लागते. शॉकअप आणि बुशचा खर्च अडतीस हजार, चार टायर चौतीस, पुढचे पॅड, डिस्क आणि डॉट ४ ब्रेक ऑइल मिळून बारा. चौऱ्याऐंशी हजार झाले. वेंटो आणि रॅपिड याच घडणीच्या असल्याने यातले बरेचसे पार्ट अजून सहज मिळतात.

फरक कुठे कळला? गॅरेजमधून बाहेर पडून पहिल्याच खड्ड्यात. आधी पुढचं चाक खड्ड्यात गेलं की धाडकन आवाज, मग डॅशबोर्डची कुरकुर, मग गाडी आणखी दोनदा हेलकावे खायची. आता एक जाड 'धप्प' आणि पुढच्या क्षणी गाडी स्थिर. ऐरोली पुलाचे सांधे मी आधी मोजत जायचो, आता लक्षही जात नाही. माजिवड्याच्या वळणावर स्टिअरिंग एकदा धरलं की तिथेच राहतं, मध्ये दुरुस्ती करावी लागत नाही. पाऊस आला तेव्हा नव्या टायरने ब्रेक दाबताना जो विश्वास दिला त्याची किंमत मी रुपयांत सांगू शकत नाही. आणि माळशेजला तर मूळ इंजिनावर, रीमॅपच्या दिवसांपेक्षा कमी वेगाने, मला जास्त मजा आली. वळणात शिरताना गाडी पुढे झुकत नाही, बाहेर फेकली जात नाही. पन्नासच्या वेगातही हाताला रस्ता कळतो. घोडबंदरवर सकाळी तिसरा गिअर लागतो न लागतो, पण वळणं, सांधे आणि खड्डे रोजच असतात. ही मजा रोज वापरायला मिळते आणि टाकीत कुठलंही पेट्रोल असलं तरी मिळते.

उणं काय? ओव्हरटेक करायला अजूनही गिअर उतरवावा लागतो. चढावर चार माणसं असली की रीमॅपची आठवण येते, हे कबूल करतो. आणि दोन महिन्यांत या सुखाची सवय होते, गाडी मुळातच अशी होती असं वाटायला लागतं. मित्राची जुनी गाडी चालवली की पुन्हा कळतं.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा, मग तुम्ही कुठल्याही बाजूचे असा. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग आणि १७ इंची चाकं. आमच्या सोसायटीत पोडियम पार्किंगचा रॅम्प आहे. बसकी केलेली एक हॅचबॅक रोज त्यावर पोट घासत चढते, तो आवाज चौथ्या मजल्यावर येतो. मोठ्या चाकाच्या टायरची भिंत बारीक असते, आणि गायमुख घाटातला पावसाळ्यातला एक खड्डा रिमला वाक आणायला पुरतो.

कायद्याचंही थोडं पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक अर्थानेच वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेला शॉकअप काढून त्याच मापाचा नवा बसवला तर ती दुरुस्तीच ठरते. रीमॅपबाबत तितक्या खात्रीने बोलता येणार नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेममध्ये आड येऊ शकतो, हेही धरून चला.

तरीही काहींनी रीमॅपच आधी करावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रोजचा प्रवास लोकलने होतो, गाडी शनिवार-रविवारचीच आहे, आधीच्या मालकाने टायर आणि शॉकअप नुकते बदलले आहेत, आणि चांगलं पेट्रोल घराच्या वाटेवर मिळतं, अशांनी. फक्त आधी क्लच तपासा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगाला पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपत आला आहे, त्यावर जास्त टॉर्क टाकू नका. स्पार्क प्लगही नवे घाला.

आणि रीमॅपला बसण्याआधी ट्यूनरकडून तुमच्या गाडीची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. मी मागितली होती, म्हणून परत फिरणं तासाभराचं काम झालं. ती पेन ड्राइव्ह अजून गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात आहे, आरसी बुकच्या मागे.