सॅमन फिशिंगच्या नावाखाली १,५१२ डॉलर गेले, कॅम्पबेल रिव्हरला जाणाऱ्यांनी वाचा

७४० डॉलर डिपॉझिट, मग ५९२ बाकीचे, मग लायसन्सचे १८०. कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हरला मासे पकडायच्या भाड्याच्या बोटीसाठी एकूण १,५१२ कॅनेडियन डॉलर गेले आणि त्यांची बोट नव्हतीच. हे सगळ्यांसमोर लिहायला लाज वाटतेय, पण सीझन चालू आहे आणि ते लोक अजून जाहिरात करतायत म्हणून लिहितेय.

सासरे रत्नागिरीहून आले होते. त्यांचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलं, इथला सॅमन मासा बोटीवरून पकडायचा अशी त्यांची फार इच्छा, म्हणून जूनमधला शनिवार ठरवला. चार जण, आठ तास, १,४८० डॉलर. भाव काही संशय यावा इतका स्वस्त नव्हता. त्या चार्टरच्या, म्हणजे भाड्याने बोट देणाऱ्याच्या, पेजवर डाउनरिगर (गळ खोल पाण्यात सोडायचं यंत्र) लावलेल्या बोटीचे फोटो, चिनूक (सॅमनची मोठी जात) धरून उभी असलेली माणसं, तिथल्या डिस्कव्हरी पॅसेज या सामुद्रधुनीत भरती-ओहोटी बघून कधी निघायचं ते, सगळं व्यवस्थित. फोनवर त्या चार्टरवाल्याने मुलाच्या लाइफजॅकेटचा साइजसुद्धा विचारला. असं विचारणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

अर्धे आधी मागितले. उरलेले पण आत्ताच दिले तर एकूण दहा टक्के सूट. क्रेडिट कार्ड चालत नाही म्हणाला, ई-ट्रान्सफरच करा, म्हणजे ईमेलवरून थेट बँकेतून पैसे. कार्ड घेत नसेल तर तिथेच विषय संपवा, कार्डावर निदान चार्जबॅक तरी मागता येतो, म्हणजे कार्ड कंपनीकडून पैसे परत.

आणि त्याचं ऑटोडिपॉझिट होतं, म्हणजे सिक्युरिटी प्रश्न नाही, पैसे पाठवले की थेट खात्यात, कॅन्सल करायची सोयच नाही. पण पाठवायच्या आधी स्क्रीनवर खातं कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते नाव चार्टरचं नव्हतं, कॅप्टनचंही नव्हतं. मी थांबले होते, नवऱ्याला दाखवलं, त्या माणसाला मेसेज केला, तर लगेच उत्तर आलं, "बायकोचं खातं आहे, हिशोब तीच बघते." इथे छोटे धंदे असेच चालतात, आमच्या प्लंबरचे पैसे पण त्याच्या बायकोच्याच खात्यात जातात. मग मी वेगळं काय केलं? पण ते नाव डोळ्यांसमोर होतं, बटण दाबायचं बाकी होतं, आणि हे आठवलं की अजून रात्री झोप उडते.

मासेमारीच्या लायसन्सचे माणशी ४५ घेतले. लायसन्स प्रत्येकाला स्वतःच्या नावाने फेडरल फिशरीज खात्याच्या साइटवर काढता येतं, एका दिवसाचं लायसन्स आणि सॅमन स्टॅम्प (सॅमन ठेवायची जादा परवानगी) मिळून याच्या निम्मेही होत नाहीत. त्याने आमच्या जन्मतारखासुद्धा विचारल्या नव्हत्या, मग लायसन्स काढणार कसं? शिवाय माणशी दोन चिनूक नक्की घरी न्याल म्हणाला होता. २०१९ पासून ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण किनाऱ्यावर बऱ्याच भागात जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवता येत नाही, फ्रेझर नदीचा चिनूक कमी झालाय म्हणून, पकडला तरी सोडावा लागतो. नियम भागाप्रमाणे बदलतात, जायच्या आधी खात्याच्या साइटवर तो एरिया बघाच.

पहाटे साडेपाचला मरीनावर (बोटींच्या धक्क्यावर) पोचलो, सांगितलेल्या स्लिपवर, म्हणजे बोट बांधायच्या जागेवर, बोट होती, फोटोतलीच, फक्त मालक दुसरा. या मालकाच्या बोटीचे फोटो त्या भामट्याने चोरलेले. तो बिचारा स्वतःच वैतागला होता, त्याच्याकडे आधीही अशी माणसं येऊन गेली होती. सासरे काही बोलले नाहीत, नुसते मुलाचा हात धरून गाडीकडे गेले. फेरीचे आणि हॉटेलचे पैसे गेले ते वेगळेच.

बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे हा फ्रॉड क्लेममध्ये बसत नाही. अहो, पण खातेदाराचं नाव तुमच्या स्क्रीनवर आहे, समोरच्या बँकेला कळवा ना! प्रायव्हसी म्हणे. तिथल्या पोलिसांनी सांगितलं तुम्ही राहता तिथे तक्रार करा, आमच्याकडचे म्हणतात प्रकार तिकडे घडला. शेवटी एक फाइल नंबर दिला, त्यानंतर कोणाचाही फोन नाही. फसवणुकीच्या सरकारी लाइनवर तासभर होल्ड, मग तक्रार नोंदवून घेतली आणि सांगितलं की प्रत्येक केसचा तपास आम्ही करत नाही. मग तपास करतं कोण? नाव, खातं, फोन नंबर, सगळे स्क्रीनशॉट आम्ही हातात आणून दिले तरी कोणालाच काही करायचं नाही. पेज रिपोर्ट केलं तर उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही.

पैसे पाठवायच्या आधी मरीनाच्या ऑफिसला फोन करून विचारा, या नावाची चार्टर इथून निघते का. नंबर मरीनाच्या साइटवरून घ्या, जाहिरातीतला नको. तेच फोटो आता नवीन नावाने फिरतायत, ऑगस्टच्या कोहो (सॅमनचीच दुसरी जात) ट्रिपसाठी, डिपॉझिट ६९५.