गोव्याचा स्टेमी प्रकल्प: आधी इंजेक्शन, मग बांबोळी

काणकोणात रात्री दोनला छातीत कळ आली, तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे गोमेकॉ, साठ-पासष्ट किलोमीटर लांब. एरवी अशा वेळी चिठ्ठी लिहून पुढे पाठवणं हाच उपचार ठरतो. 2018 च्या अखेरीस सुरू झालेल्या गोवा सरकारच्या स्टेमी (हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन आलेला अटॅक) प्रकल्पाने हा क्रम उलटा केला. जवळच्या केंद्रात ईसीजी काढायचा, बंगळुरूच्या ट्रायकॉग कंपनीच्या यंत्रणेमार्फत तो तज्ज्ञांकडे जातो, काही मिनिटांत निदान परत येतं आणि स्टेमी असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस तिथेच, मोफत. मग रुग्ण गोमेकॉत.

आमच्या मते सेवेचा खरा जोर यंत्रात नाही, इंजेक्शन केंद्रातच हाताशी ठेवण्यात आहे. निदानापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच उत्तम. पण रस्ता, कागदपत्रं, रात्री कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी होते त्या खोलीची) टीम गोळा होणं, यात ती 120 मिनिटं कधी संपतात कळत नाही. तेवढा उशीर दिसत असेल, तर इंजेक्शन निदानानंतर 10 मिनिटांत गेलं पाहिजे.

औषधाची निवडही शहाणपणाची. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, पण 15 लाख युनिटची ड्रिप अर्धा ते एक तास चालते आणि बीपी पडतं. छोट्या केंद्रात तेवढा वेळ बाजूला बसणार कोण? टेनेक्टेप्लेस एका दमात, 5 ते 10 सेकंदांत जातं. डोस वजनावर: 60 किलोखाली 30 मिलिग्रॅम, पुढे दर 10 किलोला 5 वाढवत 90 किलो आणि वर 50. वयाच्या पंचाहत्तरीपुढे अर्धा डोस. घोळ होतो तो इथे: वजन अंदाजाने लिहिलं जातं, किंवा डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) चालू असलेल्या सुईतूनच औषध ढकललं जातं. डेक्स्ट्रोजमध्ये ते साखळतं, म्हणून आधी आणि नंतर साध्या सलाइनने लाइन धुवायची. बाटली हलवायची नाही, फेस येतो, हलकेच फिरवायची. मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का, अलीकडे पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन झालंय का, बीपी 180/110 च्या वर आहे का, हे विचारल्याशिवाय सुईला हात नको.

दुसरी कच्ची बाजू ईसीजीची. तज्ज्ञ कितीही हुशार असला तरी पाठवलेलाच आलेख वाचणार. छातीवर चिकटवायचे व्ही1 आणि व्ही2 हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत हवेत, ते सर्रास वर चिकटवले जातात. दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली की आलेखातली लीड 1 ही ओळ उलटी दिसते. घाम पुसा, केस काढा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक दिसला तर छातीच्या उजव्या बाजूची व्ही4आर ही लीडही घ्या. हृदयाचा उजवा खालचा कप्पा अटॅकमध्ये सापडला असेल आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवली, तर बीपी कोसळू शकतं. पहिला आलेख ठीक आला पण दुखणं चालूच आहे? 15 ते 30 मिनिटांनी पुन्हा काढा. घरी पाठवू नका.

इंजेक्शन दिलं की काम झालं, हा समज सर्वांत महाग पडतो. 60 ते 90 मिनिटांनी ईसीजी परत काढून आलेखातल्या एसटी भागाची वाढलेली उंची निम्म्याहून जास्त उतरली का ते पाहायचं. उतरली नसेल तर तातडीने अँजिओप्लास्टी, उतरली असली तरी 24 तासांत अँजिओग्राफी. म्हणून 108 ला फोन औषध भरतानाच जावा, आणि गाडीत डिफिब्रिलेटर (ठोके ताळ्यावर आणणारं शॉकचं यंत्र) हवाच, कारण रक्तवाहिनी उघडताना ठोके बिघडू शकतात.

ॲसिडिटी समजून सोडा पीत घरी घालवलेल्या तासांवर मात्र या सेवेचा इलाज नाही. मधुमेही आणि बायकांमध्ये तर कधीकधी नुसता दम आणि घाम, कळ नाहीच.

एक बारीक गोष्ट: ईसीजी यंत्राचं, भिंतीवरचं आणि डॉक्टरच्या मोबाइलचं घड्याळ जुळत नसेल, तर नोंदवहीत इंजेक्शन निदानाच्या आधी दिलेलं दिसतं आणि उशीर नेमका कुठे झाला हे शोधता येत नाही. दर सोमवारी तिन्ही घड्याळं जुळवायला दोन मिनिटं लागतात.