वेण्णा लेक, तापोळा की बामणोली: बोटीत कुठे बसायचं?

महाबळेश्वर-साताऱ्याकडे दोन दिवस जायचं आणि एकदा तरी बोटीत बसायचं, असं ठरलं की ही तीन नावं पुढे येतात. पाणी मात्र दोनच आहे. तापोळा आणि बामणोली ही दोन्ही गावं शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहेत. महाबळेश्वरचा डोंगर उतरलात तर तापोळा लागतं, साताऱ्याहून कास पठारावरून उतरलात तर बामणोली. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: तळ्यात अर्धा तास घालवायचा, की पाण्यावरून अर्धा दिवस फिरायचं?

वेण्णा लेक अर्ध्या तासवाल्यांसाठी. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली बांधून घेतलेला हा तलाव जेमतेम 28 एकरांचा आहे. एका काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ स्पष्ट दिसतो. बाजारपेठेपासून अगदी जवळ, पाचगणी रस्त्यालाच लागून. त्यामुळे वेगळी वाकडी वाट करावी लागत नाही. बोट क्लब नगरपालिकेचा. वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी मिळतात, आणि पैसे मोजायचे ते वेळेचे. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर नावाड्यासकट वल्ह्याची बोट घ्यावी. पायडलची बोट दिसते खेळण्यासारखी, पण चार माणसांत दोघंच पाय मारणार असतील तर दहा मिनिटांत मांड्या भरून येतात.

पायडलवाल्यांचं गणित हमखास चुकतं ते वाऱ्यामुळे. ही बोट हलकी आणि पाण्याबाहेर उंच, त्यामुळे वारा तिला सहज ढकलतो. निघताना वारा पाठीवर असला की बोट छान पळते आणि सगळे फोटोत रमतात. परतताना तोच वारा तोंडावर घेऊन दुप्पट वेळ लागतो आणि जास्तीचे पैसे भरावे लागतात. आधी वाऱ्याविरुद्ध जा, येताना तो आपणच आणून सोडेल. अर्ध्या तासाची बोट असेल तर बाराव्या-तेराव्या मिनिटाला तोंड फिरवायचं.

मे महिन्यातल्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतल्या संध्याकाळी इथे रांग, घोडे, मक्याची कणसं आणि गाड्यांची कोंडी असं सगळं एकत्र भेटतं. सकाळी क्लब उघडताच गेलात तर हेच तळं ओळखू येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरला की इथल्या धक्क्यावर दव गोठून पांढरा थर धरतो. बघायला सुरेख, पण पाऊल जपूनच टाकायचं.

शिवसागरचा हिशेबच निराळा. 103 मीटर उंचीच्या, 105 टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोड्या जास्त साठ्याच्या धरणाचं हे पाणी डोंगरांच्या घड्याघड्यांतून पन्नासेक किलोमीटर मागे पसरलेलं आहे. इथे पैसे वेळेचे नसतात, फेरीचे असतात, आणि तेही अख्ख्या बोटीचे. संगम, दत्त मंदिर, अभयारण्याचा काठ अशा ठरलेल्या फेऱ्या धक्क्यावरच्या फलकावर दरांसकट लिहिलेल्या असतात. दहाजणांचं कुटुंब असेल तर हे माणशी स्वस्त पडतं, जोडप्याला महाग. दोघंच असाल तर रविवारी जा आणि दुसऱ्या एखाद्या जोडप्याला विचारून बोट वाटून घ्या. फेरीत कुठे उतरायला मिळणार आणि किती वेळ, हे बसण्याआधीच ठरवा. वाद बहुतेक वेळा यावरूनच होतात. साध्या लाँचमध्ये पुढे बसलं की इंजिनाचा आवाज कमी येतो. स्पीडबोटीत पुढे बसलं की आपण भिजतो.

आता तापोळा की बामणोली? तापोळ्याची वाट महाबळेश्वरहून पंचवीसेक किलोमीटरची, सगळी घाटाची. पोट मळमळणाऱ्यांनी नाश्ता उतरल्यावर करावा. राहायला-जेवायला इथे भरपूर सोय आहे, म्हणून मुक्काम करायचा तर तापोळा. ‘मिनी काश्मीर’चे फलक मनावर घेऊ नका, कोयनेच्या खोऱ्याला असल्या उसन्या नावाची गरज नाही. बामणोली साताऱ्याहून साधारण पस्तीस किलोमीटर, जरा साधं गाव. तिथे जायचं ते दोन कारणांसाठी. एक, सप्टेंबरच्या आसपास कासची फुलं आणि भरलेला जलाशय एकाच दिवसात होतात. दुसरं, वासोटा. किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचायला इथून बोटीने तास-दीड तास लागतो. वनखात्याची परवानगी काढावी लागते, ओळखपत्र लागतं आणि वर मुक्काम करता येत नाही. सकाळी नवाच्या आत बोट निघाली नाही तर अंधारापूर्वी परतण्याची ओढाताण ठरलेली.

महिना चुकला तर मात्र दोन्ही गावांत निराशाच. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेकडे सोडायचा वाटा आहे. पाण्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये जलाशय वर्षातल्या तळाकडे सरकलेला असतो. ऑक्टोबरात जिथे बोट पायरीला लागते, तिथून मेमध्ये लालसर उतारावरून बरंच चालत जावं लागतं. ही माती वरून भेगाळलेली, वाळलेली दिसते. पाण्याजवळ मात्र आतून ओलीच असते आणि घोट्यापर्यंत पाय आत जातो. स्लिपर तिथेच राहते. पट्ट्यांच्या सँडल घाला, आणि गुडघे दुखणाऱ्यांना मेमध्ये इथे आणूच नका. त्यांच्यासाठी वेण्णा लेकच बरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा शिवसागरचा खरा काळ. जून-जुलैच्या पावसात बोटिंग तिन्हीकडे भरवशाचं नसतं, आणि घाटात दरडींची भीती असते ती वेगळीच.

लाइफ जॅकेट तिन्हीकडे घालायचंच, पण ते बसतंय का हे तपासायचं. सगळी बकलं लावून कुणाला तरी खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर माणूस त्यातून खाली निसटतो. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, लहान मापाचं मागून घ्या. आणि शिवसागरला उतरण्यापूर्वी पेट्रोल व रोख पैसे महाबळेश्वर किंवा साताऱ्यातच घ्या. खोऱ्यात मोबाइलची रेंज मधूनमधून जाते, म्हणजे फोनवरून पैसे देणंही अडतं.